भिंतीवरच्या चौकटी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेल्या महिन्यात एका रात्री आमच्या थोरलीचा फोन आला. आवाजात काळजी होती. तिचं बाळ आठ महिन्यांचं झालं आणि अजून दात नाही. शेजारच्या बाळाला सहाव्या महिन्यातच दोन आले म्हणे. "अम्मी, मला कितव्या महिन्यात आला होता गं?" माझ्या पत्नीनं फोन माझ्या हातात दिला, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि जुनी कालनिर्णय काढून बसली. १९९९ सालचा एप्रिल काढला, एका चौकटीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाली, "सांगा तिला, नववा महिना चालू होता. खालचा दात."

कालनिर्णय बहुतेक मराठी घरांत असतं, आणि त्याच्या चौकटींत काय लिहितात ते तुम्हाला ठाऊक आहे. दूध किती घेतलं, कामवाली कधी आली नाही, गॅस कधी लावला. आमच्या घरीही तेच. फरक एवढाच, की आमच्या घरी हे सगळं उर्दूत लिहिलेलं असतं. माझी पत्नी विजापूरची, उर्दू शाळेत शिकलेली. मी मिरजेचा, पहिलीपासून मराठी शाळेतला, बी. ए. मराठी घेऊन झालेला. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, तिच्या शेजारी उजवीकडून डावीकडे जाणारी तिची बारीक अक्षरं. गॅस, दूध, आणि त्यांच्याच रांगेत मुलीचा दात. मोठी घटना म्हणून वेगळी शाई नाही, खाली रेघ नाही.

मला ती अक्षरं वाचता येत नव्हती. कुराणाची अरबी लहानपणी मशिदीत शिकलो, पण ती जेर-जबर लावलेली, मोठ्या टायपातली. घाईत लिहिलेली उर्दू म्हणजे माझ्यासाठी मुंग्यांची रांग. वाचायचा प्रयत्नही मी कधी केला नाही. बायको हिशेब लिहिते, आपल्याला काय करायचं आहे, असा माझा विचार. आजच्या बोलण्याचा विषय खरं तर तोच आहे.

आधी थोरलीचं सांगतो. तिचं सगळं वेळेवर झालं आणि त्या प्रत्येक गोष्टीचा मी गाजावाजा केला. सातव्या दिवशी अकीका. मुलीसाठी एक बकरा, जावळाच्या वजनाइतक्या चांदीची किंमत गरिबाला. तिनं मान धरली तेव्हा मी बँकेत पेढे वाटले. मी एका सहकारी बँकेत कारकून होतो. मान धरल्याचे पेढे वाटणारा माणूस आमच्या शाखेनं तोवर पाहिलेला नव्हता. ती पालथी पडली, बसती झाली, रांगली, भिंतीला धरून उभी राहिली, या सगळ्यांवर माझ्या कविता आहेत. त्यांतल्या दोन बऱ्या आहेत.

तिचा पहिला शब्द 'नक्को.' वाटीतली खीर ढकलून देत तिनं तो स्पष्ट उच्चारला आणि घरात वाद सुरू झाला. मी म्हणालो, मुलगी मराठी बोलली. पत्नी म्हणाली, दखनी बोलली. दोघांचंही खरं होतं. दखनीतला 'नक्को' हा आपल्या मराठी 'नको'चाच भाऊ, कधीकाळी घर बदलून तिकडे राहायला गेलेला. पण मी त्या आठवड्यातल्या कविसंमेलनात सांगून टाकलं, की माझ्या लेकीचा पहिला शब्द मराठी आहे. टाळ्या पडल्या.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान कवीला संमेलनानंतर चहाच्या टेबलाशी एक माणूस हमखास भेटतो. तो म्हणतो, "तुमचा 'ण' काय स्वच्छ आहे हो! वाटतच नाही." काय वाटत नाही, ते तो सांगत नाही. बोलतो मात्र प्रेमानं. मी हसून आभार मानतो, आणि घरी जाताना तो 'ण' घशात अडकल्यासारखा वाटतो. लेकीच्या पहिल्या शब्दाला मी इतका का फुशारलो होतो, ते यावरून तुमच्या लक्षात येईल.

जानेवारी २००३ मध्ये धाकटा झाला. त्याला आम्ही मुन्ना म्हणतो, आता विशी उलटली तरी. तोही वेळेवर बसला, वेळेवर रांगला, तेराव्या महिन्यात चालला. दात लवकर आले. पण बोलेना. वर्षाचा झाला तरी नाही, दीड वर्षाचा झाला तरी नाही. 'आ', 'ऊ' करायचा, बोटानं दाखवायचा, आणि समजलं नाही की डोकं जमिनीवर आपटायचा.

घरात आणि दारात सल्ल्यांना तोटा नव्हता. माझी आई म्हणाली, तूसुद्धा उशिराच बोललास. मामा म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात. मलाही तेच पटत होतं, कारण ते सोयीचं होतं. पत्नी एकटी म्हणत होती, "इसे सुनायी नै देता, जी." मी म्हटलं, असं कसं? आणि परीक्षा घेतली. मुन्ना खेळत होता. त्याच्या पाठीमागे जाऊन मी स्टीलची थाळी पळीनं वाजवली. तो दचकून वळला. मी जिंकल्यासारखा पत्नीकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. थाळी उचलून आत गेली.

आमच्या शेजारच्या काकू दर संक्रांतीला गल्लीतल्या सगळ्या पोरांचं बोरन्हाण करतात. हिंदूंची, मुसलमानांची, ज्यांना पाच वर्षं झालेली नाहीत ती सगळी पोरं एका चादरीवर बसतात. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, कुरमुरे ओततात आणि मग लूट होते. २००५ च्या संक्रांतीला काकूंनी दारातून हाक मारली, "चला रे, कुरमुरे!" अंगणातली झाडून सगळी पोरं पळाली. मुन्ना मातीत रेघा ओढत तसाच बसून राहिला. मी तिथेच होतो आणि कुणाशी तरी बोलत होतो. पत्नीनं ते पाहिलं, त्याला उचलून चादरीवर नेऊन बसवलं. अंगावर कुरमुरे पडल्यावर तोही इतर पोरांइतकाच हसला.

त्या एप्रिलमध्ये आम्ही त्याला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, घरात किती भाषा बोलता? मी जरा अभिमानानंच मोजून दाखवल्या. मराठी, दखनी, थोडी उर्दू, आणि पत्नी तिच्या मावशीशी बोलते ती कानडी. डॉक्टर म्हणाले, "मग पोरगं बोलणार कसं? गोंधळलंय ते. घरात एकच भाषा ठेवा." कानात त्यांनी डोकावून पाहिलं नाही. आम्हीही पाहा म्हणालो नाही.

एकच भाषा म्हटल्यावर कोणती, ते मी ठरवलं. मराठी. शाळा मराठी, गाव मराठी, बाप मराठी कवी. त्या निर्णयात मला थोडा आनंदही झाला होता, हे आज कबूल करतो.

माझ्या पत्नीची मराठी भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती पक्की होती. मूल कुशीत घेऊन रात्री बडबडण्यापुरती नव्हती. तिच्याकडे तिच्या आजीची, पणजीची दखनी गाणी होती. त्या विजापूरच्या मुलुखात जुन्या काळी सूफी संतांनी बायकांसाठी जात्यावर म्हणायचे चक्कीनामे लिहिले. त्या परंपरेतलं काहीबाही तिच्या घरात तोंडोतोंडी आलेलं होतं. ते सगळं बंद झालं. ती मुन्नाला जेवू घालायची, न्हाऊ घालायची, झोपवायची, गप्प राहून. चुकून दखनी शब्द आला तर सात वर्षांची थोरली तिला दुरुस्त करायची, "अम्मी, 'सो जा' नाही, 'झोप' म्हण." मी थोरलीला शाबासकी द्यायचो. आठ महिने आमच्या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय मोठा आवाज नव्हता, आणि मुन्ना तर तेव्हाही काही बोलला नाही.

वाट दाखवली ती आमच्या गल्लीतल्या चाचांनी. मिरज सतारी आणि तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे हे तुम्ही जाणताच. पंढरपूरकडून वाळलेले भोपळे येतात, त्यांना दांडी बसते, तारा चढतात. आमचं घर सतार बनवणाऱ्यांच्या वस्तीला लागूनच. चाचांच्या दुकानात मुन्ना दिवसदिवस बसायचा. एकदा चाचा नव्या तंबोऱ्याची जवारी काढत होते. तार छेडायची, घोडी घासायची, पुन्हा छेडायची. मुन्नानं येऊन भोपळ्यावर हनुवटी टेकवली आणि खदखदून हसला. चाचांनी तार थांबवली, तो थांबला. पुन्हा छेडली, पुन्हा हसला. मग चाचांनी त्याला हात धरून दोन हात लांब बसवलं आणि तार छेडली. काही नाही. तो इकडेतिकडे बघत बसला. आयुष्यभर तारांना कान लावून बसलेला माणूस. त्यांनी लगेच पत्नीला बोलावून सांगितलं, "बेटी, इसके कानां दिखा. आज के आज दिखा."

मिरजेत इस्पितळांची वाण नाही. कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?" मी म्हणालो, "तसं नक्की सांगता यायचं नाही." तेव्हा पत्नीनं पिशवीतून घडी घातलेले कागद काढले. भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं तिनं फाडून आणली होती. ती एकेक चौकट वाचू लागली आणि मी मराठीत सांगू लागलो. १४ जानेवारी, काकूंनी हाक मारली, वळला नाही. फेब्रुवारीत सर्दी, कान ओढत होता. मार्चमध्ये, मागून पुकारलं, वळला नाही. पुन्हा वळला नाही. समोरून पुकारलं, वळला. थाळी वाजवली, वळला. हळू पुकारलं, वळला नाही. सर्दी. सर्दी. तंबोऱ्याला हनुवटी लावली, हसला.

दहा महिने ते सगळं आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं होतं. मी रोज त्याच्यापुढे उभा राहून चहा प्यायलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी ते कागद हातात घेतले आणि म्हणाल्या, "ताई, इतका चांगला केसपेपर मी क्वचितच पाहते." मग तपासण्या झाल्या. कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारं एक यंत्र असतं, ते लावलं. पडदा हलतच नव्हता. पडद्यामागच्या पोकळीत चिकट, गोंदासारखा द्रव साठला होता. नाकाच्या मागून कानाकडे एक बारीक नळी जाते. लहान मुलांत ती वारंवारच्या सर्दीनं बंद पडते आणि द्रव अडकतो. पुष्कळ मुलांत तो आपोआप जातो, म्हणून डॉक्टर आधी काही आठवडे थांबून पाहतात. मुन्नाचा गेला नव्हता. अशा मुलाला सगळं ऐकू येत नाही असं नसतं, म्हणूनच फसायला होतं. थाळी ऐकू येते. दारातून मारलेली हाक ऐकू येत नाही. आणि तंबोरा? तो हाडातून ऐकू येतो. हवेची वाट बंद, हाडाची वाट मोकळी. हनुवटीतून तो सूर थेट आतल्या कानापर्यंत पोचत होता.

मी भीत भीत भाषांचं विचारलं. बाईंनी मान हलवली. दोन भाषांच्या घरात वाढल्यानं मुलाचं बोलणं अडत नाही, त्या म्हणाल्या. ज्या भाषेत आईला आपसूक बोलता येतं, त्या भाषेत तिनं भरपूर बोलावं. पत्नीकडे वळून त्यांनी विचारलं, "घरी कोणती बोली बोलता?" पत्नीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

डिसेंबर २००५ मध्ये लहानशी शस्त्रक्रिया झाली. पडद्याला बारीक छेद देऊन द्रव काढला आणि तिथे मुगाच्या डाळीहूनही लहान नळी बसवली. तिला ग्रोमेट म्हणतात, ती पुढे आपोआप गळून पडते. घरी येताना रिक्षात मुन्नानं दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. मिरजेच्या रस्त्यावरचे हॉर्न तो पहिल्यांदाच धडपणे ऐकत होता. घरी आल्यावर नळ सोडला तर दचकला, कावळा ओरडला तर वर पाहिलं. त्या रात्री पत्नी त्याला घेऊन बसली आणि आठ महिन्यांचं साठलेलं बोलली. दखनीत. मी बाहेरच्या खोलीत जागाच होतो.

त्या जानेवारीत बकरी ईद आणि संक्रांत एकाच आठवड्यात आल्या. बुधवारी ईद झाली, शनिवारी काकूंचं बोरन्हाण. काकूंनी मुन्नाला हलव्याचा हार घातला. परातीत कुरमुरे ओतले तो आवाज ऐकून तो थबकला, परातीजवळ गेला आणि कान लावून उभा राहिला. मग काकूंनी मुद्दाम त्याच्या पाठीमागे जाऊन हळूच हाक मारली. तो वळला. गल्लीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. श्रोतेहो, मूल बसलं, उभं राहिलं, चाललं, याच्या टाळ्या आपण सगळेच वाजवतो. मूल मागे वळलं म्हणून टाळ्या पडलेल्या मी तेवढ्याच ऐकल्या.

सोमवारी पहाटे नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी यायच्या आधी नळ सूं सूं करतो, आणि घरातली बाई तेवढ्यानं जागी होते. त्या दिवशी पत्नीच्या आधी मुन्ना उठला. अंधारात आमच्या अंगावरून चढून नळाकडे बोट करत म्हणाला, "पानी." मग पुन्हा, मोठ्यानं, "पानी!"

पत्नी घागरी विसरली. मी दिवा लावला. थोरली डोळे चोळत आली. चौघंही नळापाशी बसलो आणि तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. आता त्यात 'न' होता की 'ण', ते विचाराल तर, ज्याचा 'ण' स्वच्छ म्हणून लोक कौतुक करतात त्या माणसानं त्या दिवशी तिकडे लक्षच दिलं नाही. घागरी रिकाम्या राहिल्या. दोन दिवस शेजारून पाणी आणलं.

लगेच घडाघडा बोलला, असं झालं नाही. पुढे वर्षभर आठवड्यातून दोनदा वाणीच्या शिक्षिकेकडे जावं लागलं. त्या मराठीत शिकवत, घरी आई दखनीत बोले. त्यानं दोन्ही उचलल्या. मे २००७ मध्ये त्याची बिस्मिल्ला केली. आमच्यात मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की पहिला धडा देतात. पाटीवर त्यानं अलिफ गिरवला. काकू आल्या होत्या, त्या म्हणाल्या, आता 'अ' पण काढ. त्यानं तोही काढला. तो धडा सुरू झाला तेव्हा मी पत्नीला म्हटलं, मलाही शिकव. पस्तिशी उलटलेला विद्यार्थी. मुन्ना माझ्यापुढे निघून गेला. मी अजून अडखळतो.

आज मुन्ना पुण्याला नोकरी करतो आणि फोनवर इतकं भरभर बोलतो, की मला 'हळू बोल' म्हणावं लागतं. त्याला त्यातलं काही आठवत नाही. चाचांच्या दुकानातला तंबोरा मात्र आठवतो.

हे सगळं सांगायचं कारण असं, की प्रत्येक मूल आपापल्या वेळेनं वाढतं, हे वाक्य खरं आहे. दाताच्या बाबतीत तर अगदीच खरं. पण तेच वाक्य आपण न पाहिलेल्या गोष्टीवर पांघरूण म्हणूनही घालतो. मी घातलं. वर्षाच्या आसपास एखादा शब्द यावा, दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्द जोडावेत. तसं झालं नाही तर वाद घालत बसू नये, आधी कान तपासावेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांतून आणि सरकारी शाळांतून मुलांची तपासणी होते, तिच्यात ऐकणं-बोलणंही पाहतात. आमच्या वेळी ते नव्हतं. आमच्या वेळी एक आई होती आणि एक कालनिर्णय होतं.

त्या रात्री फोनवर पत्नीनं थोरलीला सांगितलं, "दाताची फिकीर करू नको, येईल. तू रोज त्याला पाठीमागून हळूच हाक मारत जा. वळतो का बघ." थोरली म्हणाली, "वळतो गं अम्मी, लगेच वळतो." पत्नीनं त्या दिवशीच्या चौकटीत ते लिहून ठेवलं. वर गॅसचा नंबर लावल्याचं लिहिलेलं होतं.

परवा दुपारी पत्नी बाजारात गेली असताना थोरलीचा फोन आला. दात आला. खालचाच. मी पेन घेतलं आणि चौकटीत, उजवीकडून डावीकडे, उर्दूत लिहिलं, 'दात'. संध्याकाळी पत्नीनं ते वाचलं आणि हसली. उर्दूत तो 'दांत' असतो, मध्ये नून लागतो. माझा राहून गेला होता. तिनं पेन घेतलं आणि मधल्या जागेत तो बारीक करून घातला.